पक्षातल्या भांडणात फाईल बाहेर येते, पण कोणाची आणि कधी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की सत्तेतल्या पक्षात दोन गट भांडायला लागले की एकमेकांची लफडी बाहेर काढतात, मग गटबाजी लोकांच्या फायद्याचीच नाही का. जोडीला तुम्ही विचारलंय की १९८१ चे मुख्यमंत्री अंतुल्यांचं सिमेंट प्रकरण नेमकं काय होतं, कारण घरातली मोठी माणसं नुसतं नाव घेतात. आणि तिसरं म्हणजे तुमच्या नगरपरिषदेतल्या सत्ताधारी गटाच्याच एका नगरसेवकानं तुम्हाला काही झेरॉक्स आणून दिल्यात, त्यांचं काय करायचं. मी ३४ वर्षं बातमीदारी केली, पहिली ११ तालुक्या-जिल्ह्याला आणि नंतरची मंत्रालय-विधानभवन, त्यामुळे तिन्हीवर बोलतो. लांबेल जरा.

आधी सिमेंट.

तुमच्या वयाच्या पोरांना हे खरं वाटत नाही, पण १९८१ साली दुकानात जाऊन सरळ सिमेंटची गोणी विकत घेता येत नव्हती. भाव सरकारचा, वाटप सरकारचं, परमिट लागायचं. आमच्या वडिलांनी विहिरीच्या कडेचं बांधकाम काढलेलं, त्यासाठी १५ गोण्यांचा अर्ज केला. तलाठ्याचा दाखला, ग्रामसेवकाचा दाखला, मग तहसील कचेरीत पुरवठा शाखेबाहेरच्या बाकड्यावर बसायचं. मी कॉलेजला होतो, वडिलांबरोबर तीन खेपा मारल्या. तिसऱ्या खेपेला ८ गोण्यांचं परमिट हातात पडलं आणि ते घेऊन दुकानात गेलो तर माल संपलाय, पुढच्या आठवड्यात या. शेवटी ज्या ८ मिळाल्या त्यातली एक खालून ओल लागून दगड झालेली, वडिलांनी ती घणानं फोडून, चाळून, निघेल तेवढं वापरलं. काम अर्धवट राहिलं ते राहिलंच, पुढच्या पावसाळ्यात एक बाजू आत ढासळली. वडील त्यावर कधी काही बोलले नाहीत, पण सिमेंट प्रकरणाची बातमी आली तेव्हा त्यांनी तो पेपर दोनदा वाचलेला मला आठवतो.

बातमी काय होती, तर ३१ ऑगस्ट १९८१ ला इंडियन एक्सप्रेसमधे अरुण शौरींनी छापलं की मुख्यमंत्री बॅरिस्टर अंतुले यांनी काढलेल्या ट्रस्टना, त्यात मुख्य म्हणजे इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठान, बिल्डर आणि धंदेवाले मोठमोठ्या देणग्या देतात आणि त्याच लोकांना सरकारी कोट्यातलं सिमेंट मिळतं. साखर कारखान्यांचंही तसंच, ज्यांची प्रकरणं सरकारदरबारी अडकलेली त्यांच्याकडे देणग्या मागितल्या असा आरोप होता. प्रतिष्ठानचा हेतू कागदावर छान होता, कलावंत-साहित्यिकांना मदत वगैरे. पैसा चेकनं येत होता आणि पावती फाटत होती. म्हणूनच ते पकडता आलं, रोखीत असतं तर काहीच हाती लागलं नसतं.

आता मुळात ट्रस्ट कशाला लागला हे कोणी विचारत नाही आणि सगळ्यात महत्त्वाचं तर तेच आहे. १९६९ ला कायदा करून कंपन्यांनी राजकीय पक्षांना देणगी देण्यावर बंदी घातली होती, ती उठली १९८५ ला. म्हणजे मधली १६ वर्षं निवडणुका होत होत्या, पक्ष चालत होते, खर्च वाढत होता आणि कंपनीचा पैसा सरळ दारानं आत येऊ शकत नव्हता. मग आडदारं तयार झाली. काळा पैसा हे एक आणि ट्रस्ट हे दुसरं. त्यात सिमेंट, साखर, मोकळी जमीन असल्या टंचाईच्या गोष्टी ज्याच्या सहीनं सुटतात त्याच्याकडे लोक आपणहून पिशवी घेऊन येणार. २०२४ च्या फेब्रुवारीत सुप्रीम कोर्टानं निवडणूक रोखे, म्हणजे नाव उघड न करता पक्षाला पैसा द्यायची सोय, घटनाबाह्य ठरवले तेव्हा मला पहिलं हेच आठवलं, दार बदलतं, पण सरकारकडे काम अडकलेला माणूसच पैसा देतो हे बदललेलं नाही.

दुसरी गोष्ट, आणि इथे तुमच्या मूळ प्रश्नाला हात घालतो. अंतुल्यांना एवढा पैसा जमवायची घाई का होती? १९८० च्या निवडणुकीत इंदिरा काँग्रेसला २८८ पैकी १८६ जागा, म्हणजे निवांत बहुमत. पण मुख्यमंत्री त्या १८६ जणांनी ठरवला नव्हता. आमदारांची बैठक व्हायची, दिल्लीहून निरीक्षक यायचे, नेता निवडीचे अधिकार पक्षश्रेष्ठींना देण्याचा एका ओळीचा ठराव व्हायचा आणि संपलं. अंतुले कोकणातले, मुस्लिम, साखरपट्ट्यातल्या मराठा पुढाऱ्यांमधे त्यांचं स्वतःचं बळ नाही, १९७८ ला पक्ष फुटला तेव्हा इंदिरा गांधींबरोबर राहिले हीच त्यांची पुंजी. समोर वसंतदादा पाटलांसारखा माणूस, ज्यांचा गट गावागावात. दादांच्या पत्नी शालिनीताई पाटील अंतुल्यांच्याच मंत्रिमंडळात महसूलमंत्री होत्या, त्यांचे मुख्यमंत्र्यांशी जाहीर खटके उडाले आणि मंत्रिपद गेलं. म्हणजे हा माणूस खुर्चीवर बसला तो पहिल्या दिवसापासून खाली जमीन नसलेला. अशा मुख्यमंत्र्याला दोन गोष्टी लागतात. वर निष्ठा दाखवायला काहीतरी भव्य, म्हणून ट्रस्टला थेट इंदिरा गांधींचं नाव. आणि खाली आपली माणसं उभी करायला स्वतःच्या हातातला पैसा, जो प्रदेश काँग्रेसच्या किंवा कारखानदारांच्या हातून येत नाही. हा माझा अंदाज आहे, अनेक वर्षं त्या काळातल्या लोकांशी बोलून झालेला, पण मला तो पक्का वाटतो. गटबाजीनं भ्रष्टाचार बाहेर येतो म्हणता ना, तर आधी हे बघा की गटबाजीनंच तो लागतो. ज्याची खुर्ची डळमळते तो जास्त गोळा करतो, लवकर गोळा करतो आणि कच्चं काम करतो.

अंतुल्यांवर अन्याय नको म्हणून हेही सांगतो की संजय गांधी निराधार अनुदान योजना त्यांच्याच काळातली, सिंधुदुर्ग आणि जालना जिल्हे त्यांनीच केले, निर्णय धडाधड घ्यायचे. आमच्या तालुक्यात निराधारचे पैसे मिळणाऱ्या म्हाताऱ्या बायका त्यांचं नाव आदरानं घ्यायच्या आणि ते खोटं नव्हतं.

मग पडले कसे? ३१ ऑगस्टला छापून आलं, संसदेत गदारोळ झाला, तरी अंतुले साडेचार महिने मुख्यमंत्रीच होते. ही साडेचार महिन्यांची गोष्ट नीट लक्षात घ्या. पक्षातल्या विरोधी गटाला काय चाललंय ते माहीत नसेल हे शक्यच नाही, सिमेंट कोणाला मिळतं हे मंत्रालयात शिपायालाही माहीत असतं. पण एकानंही विधानसभेत उभं राहून विचारलं नाही. सगळे दिल्लीकडे बघत होते. कोर्टात गेले ते पक्षाबाहेरचे, डॉ. प. बा. सामंत आणि मृणाल गोरे. मुंबई हायकोर्टाचे न्या. लेंटिन यांनी १२ जानेवारी १९८२ ला निकाल दिला, देणगी आणि सिमेंटचं वाटप यांचा संबंध आहे म्हणून, आणि मग राजीनामा. (हेच लेंटिन पुढे जे.जे. हॉस्पिटलमधे भेसळीच्या ग्लिसरॉलनं १४ रुग्ण गेले त्या चौकशीला होते, आणि त्या अहवालानंतरही एका मंत्र्याला जावं लागलं.) फौजदारी तक्रार केली ती भाजपचे रामदास नायक यांनी. ते प्रकरण पुढे किती वर्षं चाललं बघा. १९८४ ला सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायमूर्तींनी सांगितलं की ज्या पदाचा गैरवापर झाल्याचा आरोप आहे ते पदच सोडलेलं असेल तर खटल्याला मंजुरी लागत नाही, आणि खटला विशेष न्यायाधीशाकडून काढून हायकोर्टात दिला. १९८८ ला सात न्यायमूर्तींनी बहुमतानं ठरवलं की तो हायकोर्टात देणंच चुकीचं होतं, आरोपीचा अपिलाचा हक्क गेला. वकिलीच्या विद्यार्थ्यांना हे दोन्ही निकाल आजही शिकवतात. अंतुल्यांना शिक्षा झाली नाही, पुढे ते लोकसभेत निवडून आले, केंद्रात मंत्री झाले, २०१४ ला वारले.

आणि सिमेंटचं काय झालं, तर निकालानंतर दीड महिन्यात, फेब्रुवारी १९८२ च्या शेवटी केंद्रानं सिमेंटवरचं नियंत्रण अर्धंमुर्धं उठवलं, पूर्ण उठलं १९८९ ला. त्यानंतर सिमेंटच्या परमिटवर कोणी खाल्ल्याची बातमी मी लिहिली नाही कारण परमिटच राहिलं नाही. माझ्या मते अख्ख्या प्रकरणात लोकांच्या खरोखर पदरात पडलं ते एवढंच, आणि ते कुठल्या गटानं केलेलं नव्हतं.

आता विरोधी गटाला काय मिळालं ते बघा, कारण तुमचा मुद्दा असा की भांडणामुळे सफाई होते. अंतुले गेले, आले बाबासाहेब भोसले, ज्यांचं नाव आदल्या दिवशीपर्यंत कोणाच्या यादीत नव्हतं. दिल्लीला मुद्दामच असा माणूस हवा होता ज्याचा स्वतःचा गट नाही. वर्षभर आमदार त्यांच्याविरुद्ध दिल्लीवाऱ्या करत राहिले, ते गेले १९८३ ला. वसंतदादा आले. दादा जून १९८५ ला गेले, का, तर प्रदेशाध्यक्षपदी प्रभा राव यांना दिल्लीनं परस्पर नेमलं म्हणून. मग निलंगेकर, तर त्यांच्या मुलीच्या एम.डी. परीक्षेच्या गुणांचं प्रकरण हायकोर्टात गेलं, तिथेही गेला तो एक डॉक्टर परीक्षार्थी, पक्षातला कोणी नाही, आणि मार्च १९८६ ला राजीनामा. मग शंकरराव चव्हाण. मग जून १९८८ ला पवार. साडेसहा वर्षांत सहा मुख्यमंत्री, सगळे एकाच पक्षाचे, आणि सबंध काळात बहुमताला एकदाही धोका नाही. विरोधकांनी एकही सरकार पाडलं नाही. यातल्या प्रत्येक बदलात मंत्री बदलले, महामंडळांचे अध्यक्ष बदलले, बदल्यांच्या याद्या निघाल्या. पण माल देणारे, कंत्राटं घेणारे, वाटप करणाऱ्या खुर्चीभोवती फिरणारे तेच. मी मंत्रालय बघायला लागलो ते १९९५ ला, आणि जुने लोक मला कॉरिडॉरमधे बोट करून दाखवायचे की हा अमक्याच्या काळापासून येतो, हा तमक्याच्या. मुख्यमंत्र्यांच्या नावानं ते लोकांची वयं मोजायचे.

मंत्रालयात हे फायली फोडायचं काम चालतं कसं ते सांगतो. समजा तुम्ही सत्ताधारी आमदार आहात आणि मंत्री तुमच्याच पक्षाचा, पण दुसऱ्या गटाचा. तुम्ही उघड बोलू शकत नाही. पक्षांतरबंदीचा कायदा १९८५ चा, त्याच्यात आधी एक तृतीयांश आमदार फुटले तर चालायचं, २००३ ला ती सोय काढली, त्यामुळे बाहेर पडणं अवघड आणि आत राहून काड्या करणं सोपं. मग तुम्ही तुमच्या जिल्ह्यातल्या विरोधी पक्षाच्या आमदाराला गाठता आणि तो तारांकित प्रश्न, म्हणजे ज्याला मंत्र्यानं सभागृहात तोंडी उत्तर द्यायचं असतं, तो टाकतो किंवा लक्षवेधी सूचना लावतो. प्रश्नाच्या पोटभागांवरून आम्हाला लगेच कळायचं की हा आतून आलाय, कारण त्यात शासन निर्णयाची तारीख, टिपणीतला नेमका शब्द, बैठकीचा दिवस असतो, बाहेरच्या माणसाला एवढं नेमकं विचारता येत नाही. उत्तराच्या आदल्या रात्री काय होतं ते महत्त्वाचं. बऱ्याचदा दोन गटांत तडजोड होते, महामंडळ मिळतं नाहीतर कोणाच्या कारखान्याची थकहमी मंजूर होते, आणि सकाळी प्रश्न विचारणारा सभासद सभागृहात हजरच नसतो. तो प्रश्न पुकारला जातो आणि पुढे जातात. मी हे इतक्या वेळा बघितलंय की प्रश्नोत्तराच्या तासाला कोण आलाय यापेक्षा कोण आला नाही ते मी आधी वहीत लिहायचो. त्या फायलीतला पैसा कोणाचा होता? लोकांचाच. पण ती फाईल तडजोडीचं नाणं झाली आणि परत कपाटात गेली.

म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर असं की हो, भांडणामुळे कागद बाहेर येतो, ते नाकारून चालणार नाही, माझ्या निम्म्या बातम्या तशाच आल्या. पण बाहेर येतो तो भांडणाला लागेल तेवढाच, लागेल तेव्हाच आणि एका बाजूचाच. त्या कागदाचं पुढे काही व्हायचं असेल तर तो पक्षाबाहेरच्या माणसाच्या हातात पडावा लागतो ज्याला त्या तडजोडीतून काही मिळणार नाही. सामंत, मृणालताई, तो डॉक्टर परीक्षार्थी, सगळे असेच.

आता तुमच्या झेरॉक्स. इथे मी माझी स्वतःची चूक सांगतो.

१९९१-९२ ची गोष्ट, मी जिल्ह्याला होतो. एका नगरपालिकेतल्या सत्ताधारी पक्षाचे एक नगरसेवक रात्री साडेनऊला ऑफिसात आले आणि खाकी पाकीट ठेवून गेले. आत रस्त्याच्या कामाच्या मोजमाप पुस्तिकेच्या, ज्याला सगळे एम.बी. म्हणतात, तिच्या झेरॉक्स. पाचेक पानं, कोपऱ्यात स्टेपल केलेली, घाईत काढल्यामुळे पानावर काढणाऱ्याच्या अंगठ्याची सावली आलेली. खडीकरणाची जाडी जेवढी लिहिली होती त्याच्या निम्मीही जागेवर नव्हती, मी स्वतः जाऊन रस्त्याच्या कडेला पट्टी लावून मोजली. बातमी खरी होती, छापली, पहिल्या पानावर. नगराध्यक्षांवर अविश्वास आला, ते गेले, आणि ज्यांनी पाकीट दिलं त्यांचा गट आला.

सहा-सात महिन्यांनी आवराआवर करताना ते पाकीट परत हातात आलं आणि तेव्हा मला दिसलं की पानांचे छापील नंबर ४०, ४१, ४३, ४४, ४५ असे आहेत. ४२ नाहीच. पान ४१ च्या तळाला काम संपतं आणि ४३ वर मधूनच सुरू होतं. मी तेव्हा जाडी बघितली, रकमा बघितल्या, सह्या बघितल्या, पण पानं मोजली नाहीत. नंतर तिथल्या बांधकाम विभागातल्या एका निवृत्तीला आलेल्या माणसानं सांगितलं की ४२ वर पाकीट देणाऱ्यांच्याच वॉर्डातलं गटाराचं काम होतं, ठेकेदार तोच, हातही तोच. मी ते पान मागायला गेलो तर नवीन मंडळींनी दारात उभं केलं नाही. तेव्हा माहितीचा अधिकार नव्हता. तो आल्यावर मी अर्ज केला, उत्तर आलं की अभिलेख उपलब्ध नाही. तो ठेकेदार त्यानंतर आणखी दोन नगराध्यक्षांच्या काळात काम करत होता. नगराध्यक्षाला मी घालवलं असं लोक तेव्हा म्हणायचे आणि मला ते आवडायचं, खरं तर मला वापरलं होतं आणि ती बातमी अर्धी होती याची बोच अजून आहे.

तर तुम्ही काय करा. पहिलं म्हणजे पानं मोजा, छापील नंबर बघा, हातानं टाकलेले असतील तर शाई बघा. ज्यानं दिलंय त्याला तोडू नका, पण त्याला सरळ विचारा की बाकीची फाईल कुठे आहे, आणि त्याचा चेहरा बघा. मग त्याच्या झेरॉक्सवर बातमी किंवा तक्रार उभी करू नका, त्यांचा उपयोग फक्त कुठे बघायचं ते कळण्यापुरता. माहिती अधिकारात अर्ज करा, १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प, आपल्याकडे नियमानं १५० शब्द आणि एकच विषय, त्यामुळे दोन कामं असतील तर दोन अर्ज. प्रती मागण्याऐवजी आधी फाईलचं अवलोकन मागा, म्हणजे समोर बसून पूर्ण एम.बी., टिपणी, देयक आणि निविदेचा तुलनात्मक तक्ता बघता येतो, आणि मधलं पान गळलेलं तिथेच कळतं. त्या दिवशी किती पानं दाखवली ते लिहून त्यांची सही घ्या. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील, तेही ३० दिवसांच्या आत. शिवाय स्थानिक निधी लेखापरीक्षेचे, म्हणजे नगरपरिषदेच्या हिशेबाच्या सरकारी तपासणीचे, आक्षेप मागा, त्याच्यात बहुतेक वेळा ही कामं आधीच पकडलेली असतात आणि अनुपालनाच्या, म्हणजे आक्षेपावर पुढे काय केलं त्या, रकान्यात काहीच लिहिलेलं नसतं.

आणि एक तक्ता करा, हातानं, मोठ्या कागदावर. एका बाजूला काम मंजूर झाल्याची, देयक निघाल्याची तारीख आणि दुसऱ्या बाजूला त्या ठेकेदाराचा पैसा जिथे जिथे गेल्याचं तुम्हाला कागदावर दाखवता येतं ती तारीख, मग ती मंडळाची देणगी असो, संस्थेची पावती असो की जाहिरात. अंतुले प्रकरणात सगळं याच्यावरच उभं राहिलं, कोणी किती दिलं आणि त्याला किती मिळालं. तारखा जुळल्या तर तुमच्याकडे काहीतरी आहे. त्या तक्त्यात पाकीट देणाऱ्याचा वॉर्डही घाला, तो सोडू नका. तो चिडेल, पुन्हा काही आणून देणार नाही, कदाचित तुमच्याविरुद्ध बोलेल, त्याची तयारी ठेवा. अवलोकनाला जाताना बरोबर एक माणूस न्या, एकटे जाऊ नका, आणि पान ४२ असलं तर मला कळवा.